धारेला दिलेला रंधा

काशीत आजवर नाना तऱ्हेची माणसं होऊन गेली असतील, पण सुताराची सगळी हत्यारं घरात बाळगून आयुष्यात साधा एक पाटही न केलेला माणूस एकच झाला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा. हे मी कौतुकानं सांगते आहे की तक्रारीनं, ते माझं मलाही नीट ठरवता आलेलं नाही. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर. गल्ली अशी की समोरून गाय आली तर माणसानं मागं सरायचं, गाय सरत नाही. घराच्या पुढच्या खोलीत भिंतभर रंधे, पटाश्या, करवती, वाकस, गिरमिटं, हातोड्या नि मोगऱ्या टांगलेल्या, आणि त्या सगळ्या वैभवाच्या मधोमध काका ज्या स्टुलावर बसत ते स्टूल एका पायानं लंगडं. त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. एवढी हत्यारं घरात असून स्टुलाची ही दशा का, असं कुणी विचारलं तर काका जराही न ओशाळता सांगत, "मी बढई नाही. बढईच्या हत्यारांचा वैद्य आहे. वैद्य कधी दुसऱ्याचं शेत नांगरायला जातो का?" या उत्तरात काहीतरी चुकतंय असं प्रत्येकाला वाटे, पण काय ते चटकन सापडत नसे आणि तोवर काकांनी पाहुण्याच्या हातात एखादी बोथट पटाशी देऊन तिच्या दुखण्याची हकीकत सुरू केलेली असे.

घराणं भिक्षुकीचं. कुठला तरी पूर्वज पेशवाईत यात्रेला म्हणून आला आणि परत जायचं विसरला, तेव्हापासून ही मंडळी इथलीच. काकांनी पोथी सोडून बँक धरली, आणि बँकेत बसून लक्ष सगळं हातोड्यांच्या दांड्यांवर ठेवलं. बँक सुटली की कुणाच्या घरी लाकूडकाम चालू आहे याची चौकशी करत फिरायचं, तिथल्या सुताराची पिशवी उलटीपालटी करायची आणि जे आजारी दिसेल ते उपचाराला घरी आणायचं. पैसे घेत नसत. एखादं पान कुणी पुढं केलं तर तेवढं खात. हे वेड त्यांना कुठून लागलं याचा शोध लागलेला नाही. मावशी म्हणायची, "आमच्या बाबांनी गोत्र विचारलं, पगार विचारला, पत्रिका दोन-दोन ठिकाणी दाखवली. माणूस करवतीशी बोलतो का, हे तेवढं विचारायचं राहिलं." आणि बोलत ते खरोखरच. कानस घेऊन करवतीचे दात घासायला बसले की "हां, बस बस, हो गया, आता नाही दुखणार," असं लहान मुलाची समजूत काढावी तसं चाललेलं असायचं. हाच माणूस मावशीचा गुडघा दुखत असला तर "मलम लाव" एवढंच म्हणत असे, हे मावशी प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगायची.

मी नागपूरहून इथल्या विद्यापीठात नोकरीला लागले, राजा घाटाच्या वर एक खोली घेतली, आणि दर रविवारी घाटाघाटानं चालत मावशीकडे जेवायला जायचा परिपाठ पडला. त्यामुळे काकांचे पुष्कळसे पराक्रम मी जवळून पाहिले आहेत. गल्लीत एकदा लग्न होतं. पंगत बसलेली, काका मुकटा नेसून पानावर, वाढपी जिलबी घेऊन निघालेला. बाहेर मांडववाला कुठलासा खिळा ठोकत होता. त्या ठोकण्याच्या आवाजावरून काकांना कळलं की हातोडीचं डोकं दांड्यात हलतंय. त्यांनी आचमन केलं आणि भरल्या पानावरून उठले. भरल्या पानावरून ब्राह्मण उठला म्हटल्यावर यजमानाच्या पायांखालची जमीन सरकली. मानपानात काही चुकलं असणार अशी समजूत होऊन वधूचे वडील, मामा आणि आणखी दोघे हात जोडत त्यांच्या मागे धावले. बाहेर येऊन पाहतात तो काका मुकटा खोचून उकिडवे बसलेले आणि मांडववाल्याच्या हातोडीत बांबूची पाचर ठोकताहेत. त्यांना उठवून पुन्हा पानावर बसवेपर्यंत जिलबी संपली होती. मावशी त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि काकांना ते आठवडाभर कळलं नाही.

त्यांचं मुख्य तत्त्व असं की हत्यार बदलायचं नाही. पातं झिजलं तर झिजू दे, दांडा पिचला तर बांधून घ्या, पण नवं आणा हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. मूठ अगदीच मोडली तर मात्र नवी बसवावी लागे, आणि ती बसवण्याची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. ज्याचं हत्यार असेल त्या सुताराला ते बोलावत आणि त्याच्या हातात गंगेच्या मातीचा ओला गोळा देऊन म्हणत, "दाबा. जसं काम करताना धरता तसं." मग बोटांचे ठसे उठलेला तो गोळा वाळवून त्याबरहुकूम लाकडाची मूठ तासायची. अंगठ्याचा खळगा सुद्धा जिथल्या तिथं. असे सगळ्या सुतारांच्या मुठींचे गोळे त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात ओळीनं मांडून ठेवले होते. एकदा मावशीच्या नात्यातल्या एक बाई साताऱ्याहून काशीयात्रेला आल्या. बाई मोठ्या भाविक. कोनाड्यात गंगेच्या मातीचे हे उभट गोळे पाहिल्यावर त्यांनी ते पार्थिव शिवलिंगं धरले, यात त्यांची काय चूक. काशीत, ब्राह्मणाच्या घरात, गंगामृत्तिकेचं दुसरं काय असणार? त्यांनी आंघोळ करून सर्वांवर बेल वाहिला, अक्षता वाहिल्या, आणि पार्थिव पूजा झाली की विसर्जन करायचं असतं हे ठाऊक असल्यामुळे ते सगळे पदरात घेऊन घाट उतरल्या आणि गंगेत सोडून आल्या. काका बँकेतून परत आले तेव्हा कोनाडा धुऊन पुसून स्वच्छ केलेला होता. काकांनी रिकाम्या कोनाड्यातून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "चला, सगळ्या बढईंच्या हातांना गंगा घडली," आणि दुसऱ्या दिवसापासून एकेका सुताराला बोलावून पुन्हा माती दाबून घ्यायला लागले.

या सुतारांमध्ये एक मिस्त्रीजी होते. गल्लीच्या खालच्या अंगाला राहायचे. काकांपेक्षा थोडे वडील, काटकुळे, खांद्यावर गमछा, तोंडात सदा पान. आसपासच्या गल्ल्यांतली निम्मी दारं त्यांच्या हातची. त्यांच्याकडे एक जुना लाकडी रंधा होता, वडलांकडून आलेला, आणि त्याची धार काकांखेरीज ते दुसऱ्या कुणाकडून लावून घेत नसत. काकाही त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाला "जी" म्हणत नसत. मिस्त्रीजींचा एक स्वभाव होता, तो इथंच सांगून ठेवते. काम असल्याशिवाय कुणाच्या घरी बसायचं म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटे. सणासुदीला मावशी फराळाला बोलवायची तर उंबऱ्याशी उभं राहून हातावर घेत आणि जात. तेच रंधा घेऊन आले म्हणजे हक्कानं आत येऊन बसत आणि धार लागेपर्यंत चहा पीत.

पुढं दिवस बदलले. लोकांनी लाकूड सोडून प्लायवूड धरलं, सुतारांनी हातरंधा सोडून विजेचं यंत्र घेतलं, आणि यंत्राला पाचर मारता येत नाही. काका निवृत्त होऊन पूर्णवेळ वैद्यकीला मोकळे झाले तेव्हा रोगीच येईनासे झाले. तरी ते भिंतीवरच्या हत्यारांना तेल पुसत, देवघरातली सहाण पळवून तिच्यावर पटाश्या घासत, आणि "अहो, देवाच्या गंधाला लोखंडाचा वास येतो" हे मावशीचं रोजचं बोलणं ऐकत आनंदात होते. अशात मावशी गेली. साधा ताप आला म्हणून निजली आणि चार दिवसांत गेली. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर नातेवाईक आपापल्या गावी गेले आणि त्या घरात काका एकटे उरले.

मावशी गेल्यावर काका रडले नाहीत, पण त्यांनी हत्यारांना हात लावणं सोडलं. मला याची जास्त भीती वाटली. नदीकाठची हवा, आठवडाभरात लोखंडावर तांबूस गंज धरतो. माझ्या डोळ्यांदेखत करवती तांबूस झाल्या आणि काका त्यांच्याखाली त्या लंगड्या स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसलेले असत. समोरच्या घरी दुरुस्तीचं काम निघालं होतं, तिथली हातोडी इतकी ढिली होती की मला सुद्धा आवाजावरून कळलं. मी मुद्दाम म्हटलं, "काका, ऐकता का?" तर त्यांनी नुसती मान हलवली. मी डबा नेत असे, तो पुढच्या वेळी तसाच परत यायचा. असंच चालू राहिलं तर हे पावसाळा काढणार नाहीत, असं मला स्पष्ट दिसत होतं, आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

मग एका रविवारी दुपारी मिस्त्रीजी आले. बगलेत गमछ्यात गुंडाळलेला रंधा. मावशीच्या फोटोला नमस्कार केला, सांत्वनाचं एक अक्षर बोलले नाहीत. रंधा काकांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "पंडितजी, कुंद हो गया है." काकांनी सवयीनं पात्यावर अंगठा फिरवला. धार अगदीच गेली होती. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "काय करून ठेवलंत हे," असं मराठीतच पुटपुटत ते उठले, दगड शोधला, पाणी घेतलं, आणि मागच्या चौकात जाऊन बसले. मिस्त्रीजी आत येऊन भिंतीशी टेकले. मी चहा केला. त्या दिवशी काकांनी डब्यातली पोळी पूर्ण संपवली.

त्यानंतर दर पंधरवड्याला रंधा येऊ लागला. मी एकदा चौकात डोकावले तर काकांचा एक भलताच प्रकार दिसला. पातं दगडावर मोजून थोडं घासून झालं होतं, लखलखीत धार लागली होती, ते पुसून शेजारी फडक्यावर ठेवलेलं. आणि काका साध्या लोखंडाची एक निरुपयोगी पट्टी घेऊन तीच दगडावर जोरजोरात घासत होते. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच सांगितलं ते असं, की मिस्त्रीजींना आता काम कुठलं मिळायला, मुलगा सुरतेला, घरात बोलायला माणूस नाही. नुसतं येऊन बसा म्हटलं तर बसायचे नाहीत. रंधा धारेला लागलाय तोवर बसतील. लगेच धार लावून दिली तर एका कपात उठून जातात, म्हणून दुसऱ्या कपापर्यंत आवाज चालू ठेवायचा. "बेचाऱ्याला तेवढाच आधार आहे," काका म्हणाले. ज्यांना स्वतःला उठून पाणी घ्यायचं भान नव्हतं ते दुसऱ्याला आधार देताहेत हे बघून मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

एक गोष्ट मात्र मला उमगत नव्हती. मिस्त्रीजींना काम नाही, तर रंध्याची धार दर पंधरा दिवसांनी जाते कुठे? काकांना विचारलं तर ते म्हणाले, "मिळत असेल कुठं काहीतरी." पुढं माझ्या खोलीच्या खिडकीची एक झडप निखळली, म्हणून मी मिस्त्रीजींना बोलवायला त्यांच्या घरी गेले. ते दारातल्या पायरीवर बसले होते. रंध्यातलं पातं काढून त्याची कड दगडी पायरीच्या कोपऱ्यावर हलकेच घासत होते. मला पाहून चपापले. पातं गमछ्याखाली लपवलं, मग मी पाहिलंय हे लक्षात आल्यावर तसंच बाहेर काढलं.

"बिटिया, उनसे कहना मत," ते म्हणाले. "खाली हाथ बैठेंगे तो टूट जाएँगे. हाथ चलता है तो आदमी चलता है."

मी विचारलं, काका आत इतका वेळ काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे का. मिस्त्रीजी पान सावरत हसले. म्हणाले, पट्टी घासतात. पोलादाचा आवाज आणि पट्टीचा आवाज बढईला वेगळा कळणार नाही होय? पण घासू दे, त्यांचा जीव रमतो. घरी तरी काय आहे त्यांना, घरवाली गेली. मी झडपेचं बोलायचं विसरून परत आले. येताना मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसले होते. दोन म्हातारे, दोघंही एकटे, आणि प्रत्येकाची खात्री की दुसराच बिचारा आहे. काकांना यातलं सांगायचं नाही, असं मी ठरवलं.

पण या दोघांच्या मायेत पात्याचे हाल होते. जुन्या रंध्याचं पातं सबंध पोलादाचं नसतं. टोकाला दोन बोटं पोलाद, बाकी साधं लोखंड, आणि उजेडात धरलं तर दोहोंमधली बारीक रेघ दिसते. धार लावून लावून कड त्या रेघेपाशी आली की संपलं, पुढच्या लोखंडाला धार राहत नाही. एक जण पायरीवर झिजवत होता, दुसरा दगडावर. कड रेघेच्या अगदी जवळ आली, तसे काका अस्वस्थ झाले. पातं घेऊन खिडकीशी जात, चष्मा वर करून बघत, पुन्हा येऊन बसत. एकदा मला म्हणाले, "हे संपलं मतलब मिस्त्रीजींचं येणं संपलं. रंध्याशिवाय तो माणूस दारात येणार नाही, बेटा. मला माहीत आहे तो." मिस्त्रीजींचं येणं संपलं तर पुढं काय संपेल, तेही मला दिसत होतं.

शेवटी ज्या माणसानं जन्मभर "नवं आणा" हा शब्द उच्चारू दिला नाही तो माझ्याबरोबर नवं पातं आणायला निघाला. लोहटियात गेलो. लोखंडी सामानाची ती सगळी बाजारपेठ काकांनी पायाखाली घातली. प्रत्येक दुकानात मिस्त्रीजींच्या पात्याचं कागदावर उतरवलेलं माप दाखवायचं, असंच हवं म्हणून सांगायचं. दुकानदार पत्र्यासारखी पातळ पाती पुढं टाकत. काका ती नखानं वाजवून परत करत. एका तरुण दुकानदारानं विजेचा रंधा काढून चालवून दाखवला आणि दोन मिनिटांत अख्खा दरवाजा तासून होतो म्हणाला. काकांनी त्याला फार सौम्यपणे विचारलं, "और बाद में बैठकर क्या करेंगे?" तो पोरगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. आम्ही रिक्षानं परत आलो.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवर सगळ्यात उंच टांगलेला एक शिसवी रंधा उतरवला. हा त्यांचा स्वतःचा. पहिल्या पगारातून घेतलेला, आणि अर्थातच कधी न वापरलेला. त्याला हात लावायची परवानगी मावशीला सुद्धा नव्हती. त्याचं पातं मिस्त्रीजींच्या पात्याच्या मापाचं निघालं, आणि पोलाद तर सगळं शाबूत. काकांनी ते काढलं. पण असंच बसवून दिलं तर मिस्त्रीजी घेणार नाहीत, दान म्हणून परत करतील. तेव्हा नवं पातं जुनं दिसलं पाहिजे. मग त्या माणसानं, ज्यानं साऱ्या हयातीत गंजाशी वैर केलं, स्वतःच्या हातानं पात्याला चिंच-मीठ फासून ते गच्चीवर ठेवलं. दिवसातून दहादा वर जाऊन बघायचे, गंज धरला का. धरला नाही की हिरमुसायचे. एकदाचा धरला तेव्हा सत्यनारायणाचा प्रसाद द्यावा तशा आनंदानं मला फोन करून सांगितलं. मला हसावं की रडावं कळेना.

पुढच्या खेपेला ते पातं रंध्यात बसवून काकांनी मिस्त्रीजींच्या हाती दिलं, आणि स्वतः छताच्या पंख्याकडे बघत उभे राहिले. मिस्त्रीजींनी पातं उजेडात धरलं. रेघ शोधली. अंगठा फिरवला. भिंतीकडे त्यांची नजर गेली. तिथं शिसवी रंधा परत टांगलेला होता, मधली खाच मोकळी.

"अभी तो बहुत लोहा बाकी है, पंडितजी," मिस्त्रीजी म्हणाले.

"हां, बहुत है," काका पंख्याकडे बघतच म्हणाले. मग दोघंही खाली बसले आणि चहा प्याले. त्या दिवशी धार लावायचं काही उरलंच नव्हतं, तरी मिस्त्रीजी अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

एवढं पोलाद दोघांना जन्मभर पुरलं असतं. पण मिस्त्रीजी घाटाच्या पायरीवर घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि सुरतेहून मुलगा आला तो वडलांना घेऊन जायचं ठरवूनच आला. त्याचंही चूक म्हणता येणार नाही, एकट्या म्हाताऱ्याला कुणाच्या भरवशावर ठेवायचं. निघायच्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मिस्त्रीजींनी रंधा काकांपुढं केला, इथंच राहू दे म्हणाले. काकांनी तो पुन्हा गमछ्यात गुंडाळून त्यांच्या सामानात ठेवला.

"लेकर जाइए," ते म्हणाले. "कुंद हो जाए तो ले आइएगा."

"ले आएँगे," मिस्त्रीजी म्हणाले. दोघांनाही ठाऊक होतं.

आता फोन होत असे. काका तब्येत विचारत नसत, पाय विचारत नसत. "धार कैसी है?" एवढाच प्रश्न. पलीकडून उत्तर येई, ठीक आहे, अजून कुंद नाही झाला. फोन ठेवून काका मला सांगत, "अजून धार आहे म्हणतात." इतकं उदास वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. सुरतेच्या त्या उंच इमारतीतल्या गुळगुळीत फरशीवर पातं घासायला पायरी कुठली असणार. हळूहळू फोनही विरळ झाले. मुलगा उचलायचा, बाबा झोपलेत म्हणायचा. काका पुन्हा स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसू लागले, डबा पुन्हा तसाच परत यायला लागला, आणि भिंतीवरच्या हत्यारांवर पुन्हा तांबूस गंज धरला.

तेव्हा मी एका भंगारवाल्याच्या गाडीवरून एक जुनी पटाशी घेतली. तिची धार खरं तर बरी होती. सकाळी राजा घाटावर आंघोळीची गर्दी ओसरल्यावर मी खालच्या पायरीवर बसले आणि ती पटाशी दगडावर घासघासून बोथट केली. हाताला फोड आला. तशीच फडक्यात गुंडाळून पंचगंगेला गेले आणि काकांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, काका, हिची धार गेली आहे, मला खोलीत एक फळी बसवायची आहे.

काकांनी ती उचलली. नखावर टेकवली. मग उठून खिडकीशी गेले, चष्मा वर केला आणि कड उजेडात धरून इतका वेळ बघत राहिले की मला माझ्या हातावरचा फोड पदराखाली लपवावासा वाटला.

"मिस्त्रीजी पायरीच्या कोपऱ्यावर घासायचे," ते पाठमोरेच म्हणाले. "अगदी हलक्या हातानं. मला फार पोलाद काढावं लागू नये म्हणून. तू दाबून घासलीस, हिचा कोपरा उडालाय."

काकांनी कोनाड्यातून दगड काढला, तो फडक्यानं पुसला, वाटीत पाणी घेतलं आणि चौकात जाऊन बसले.

"चहा ठेव," आतून आवाज आला. "हिला वेळ लागेल."

मी स्वयंपाकघरात गेले. डोळे पुसले आणि आधण ठेवलं.